४,२९,४९,६७,२९७ : फर्माचा अंदाज चुकवणारी संख्या कागदावर फोडताना

चारशे एकोणतीस कोटी, एकोणपन्नास लाख, सदुसष्ट हजार, दोनशे सत्त्याण्णव. २ चा ३२वा घात घेऊन त्यात १ मिळवला की ही संख्या येते. दहा अंकी, विषम, शेवटी ७, अंकांची बेरीज ५९. तिला ३ ने भाग जात नाही, ५, ७, ११, १३ नेही जात नाही. इतकं तपासलं की कुणालाही वाटेल, मूळ संख्याच असणार.

सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती पियरे द फर्मा यालाही तसंच वाटलं. १६४० च्या सुमारास पत्रांतून त्याने लिहिलं की २^(२^न) + १ या साच्यातल्या सगळ्या संख्या मूळ आहेत असा त्याचा समज आहे (^ हे चिन्ह इथे घातासाठी). न = ० ते ४ घेतलं तर ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ मिळतात, आणि पाचही मूळ आहेत. न = ५ ला आपली संख्या येते. तिला पुढे फ५ म्हणू. सिद्धता आपल्याकडे नाही हे फर्मानेही कबूल केलं होतं. १७२९ मध्ये गोल्डबाखने पत्रातून ऑयलरचं लक्ष या विधानाकडे वेधलं आणि १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं:

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७

बहुतेक ठिकाणी ही गोष्ट इथेच संपवतात. ऑयलर थोर, फर्मा चुकला, टाळ्या. पण ज्या साच्यामुळे ही संख्या मूळ असल्याचा आव आणते, त्याच साच्यातून तिचे अवयव कुठे शोधायचे तेही कळतं. हे सगळं कागद-पेन्सिलीने तपासता येतं, त्यामुळे पायरीपायरीने जाऊ.

कोणत्या संख्यांनी भागून पाहायचं?

फ५ चं वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित पुढे आहे. सरळसोट पद्धत म्हणजे ३ पासून एकेक मूळ संख्या घेऊन भागत जाणं. ६४१ ही ११६ वी मूळ संख्या, म्हणजे २ वगळून ११५ भागाकार. चिकाटी असेल तर एक-दोन दिवसांचं काम. पण एवढी गरज नाही.

समजा प ही मूळ संख्या फ५ ला भागते. म्हणजे २^३२ ला प ने भागलं की बाकी −१ येते (प−१ म्हणा, एकच). वर्ग केला की २^६४ ची बाकी १. आता २, ४, ८, १६ असे घात घेत प ने भागून बाक्या लिहीत गेलो, तर ठरावीक अंतराने १ पुन्हा पुन्हा येतो. त्या अंतराला फेरा म्हणू. ६४ व्या घाताला १ आला, म्हणून फेऱ्याने ६४ ला भाग जातो. ३२ व्या घाताला −१ आला, म्हणून फेऱ्याने ३२ ला भाग जात नाही. ६४ चा असा विभाजक एकच: स्वतः ६४. फर्माचा छोटा सिद्धान्त सांगतो की २^(प−१) ची बाकी १ असते, म्हणून ६४ ने प−१ ला निःशेष भाग जायलाच हवा. थोडक्यात, प = ६४क + १. फर्माचा दावा मोडणारं हत्यार फर्मानेच घडवून ठेवलेलं होतं, हा यातला मजेशीर भाग.

या साच्यातल्या संख्या: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या ६५, १२९, ३२१, ३८५, ५१३ संयुक्त आहेत, त्या सोडून द्यायच्या. उरल्या पाच: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१.

आणखी एक पायरी पुढे जाता येतं. क्ष = २५६ × ६५,५३५ = १,६७,७६,९६० घ्या. क्ष चा वर्ग म्हणजे २^१६ × (२^१६ − १)², म्हणजेच २^१६ × (२^३२ − २^१७ + १). कंसातला २^३२ + १ हा भाग खुद्द फ५ आहे, त्याची बाकी शून्य. उरलं −२^३३, म्हणजे −२ × २^३२, आणि २^३२ ची बाकी −१ असल्याने हे झालं +२. म्हणजे क्ष² ची बाकी २. मग क्ष^६४ ची बाकी २^३२ इतकी, अर्थात −१, आणि क्ष चा फेरा १२८. तेव्हा प = १२८क + १ हवा. ही सुधारणा एदुआर ल्युकाने १८७८ मध्ये मांडली. आता यादी १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ एवढीच, आणि तिच्यातल्या मूळ संख्या फक्त दोन: २५७ आणि ६४१.

भागाकार न करता बाकी काढणं

दहा अंकी संख्येला भागत बसू नका. २^८ = २५६ पासून सुरुवात करा, दोनदा वर्ग करा, दरवेळी बाकी घ्या आणि शेवटी १ मिळवा. खात्रीसाठी पहिल्या यादीतल्या पाचही मूळ संख्या घेऊ.

१९३ साठी: २५६ ची बाकी ६३. ६३² = ३,९६९, बाकी १०९. १०९² = ११,८८१, बाकी १०८. एक मिळवला, १०९. भाग जात नाही.

२५७ साठी: २५६ म्हणजे −१. वर्ग १, पुन्हा वर्ग १. एक मिळवला, बाकी २. (इथे २ येणं योगायोग नाही. फ५ मधून २ वजा केले की ४,२९,४९,६७,२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ येतं, म्हणजे आधीच्या पाचही फर्मा संख्यांचा गुणाकार. त्यामुळे त्यांपैकी कोणीही फ५ ला भागूच शकत नाही.)

४४९ साठी: ६५,५३६ ची बाकी ४३१. हा आकडा तसाच वर्ग करण्यापेक्षा −१८ लिहा, वर्ग ३२४. एक मिळवून ३२५. हाताने करताना चुका होतात त्या इथेच. बाकी अर्ध्याहून मोठी आली की ऋण रूपात लिहायची सवय लावली तर गुणाकार लहान राहतात.

५७७ साठी: ६५,५३६ ची बाकी ३३५. वर्ग १,१२,२२५, बाकी २८७, एक मिळवून २८८.

६४१ साठी: ६५,५३६ − ६५,३८२ = १५४. १५४² = २३,७१६. ६४१ × ३६ = २३,०७६, बाकी ६४०, म्हणजे −१. एक मिळवला, शून्य.

शेवटच्या निकालाला याहूनही देखणी सिद्धता आहे. ६४१ दोन प्रकारे लिहा: ५ × २^७ + १ आणि ५^४ + २^४. पहिल्यावरून ५ × २^७ ची बाकी −१, चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ लिहा: −२^३२ ची बाकी १. संपलं. एकही मोठा गुणाकार नाही.

गुणाकाराचा ताळाही पाहून घ्या. नवाचा ताळा (एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज): ६४१ चे २, ६७,००,४१७ चे ७, गुणाकार १४, म्हणजे ५. फ५ च्या अंकांची बेरीज ५९, म्हणजे १४, म्हणजे ५. जुळला. पण शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर नवाच्या ताळ्याला त्याचा पत्ता लागत नाही, म्हणून अकराचाही घ्या: उजवीकडून एकआड एक अधिक-वजा केलं की ६४१ चे ३, ६७,००,४१७ चे ९, गुणाकार २७, अकराने बाकी ५. फ५ चे −१७, त्यात २२ मिळवले की ५. अदलाबदल झाली असती तर हा ताळा चुकला असता.

दुसरा अवयव मूळ आहे कशावरून?

६४१ सापडल्यावर बरेच जण हात झटकतात. ६७,००,४१७ मूळ आहे हे वेगळं सिद्ध करावं लागतं, आणि इथे साचा पुन्हा मदतीला येतो. ६७,००,४१७ चा कोणताही मूळ अवयव हा फ५ चाही अवयव, म्हणून तोही १२८क + १ या रूपातच असणार. वर्गमूळ २,५८८ च्या थोडं पुढे. ६४१ हून लहान असलेली २५७ आधीच बाद झाली. ६४१ पासून २,५८८ पर्यंत अशा सोळा संख्या येतात: ६४१, ७६९, ८९७, १,०२५, १,१५३, १,२८१, १,४०९, १,५३७, १,६६५, १,७९३, १,९२१, २,०४९, २,१७७, २,३०५, २,४३३, २,५६१. बहुतेक लगेच फुटतात. फसवणाऱ्या काही आहेत: १,५३७ = २९ × ५३, १,७९३ = ११ × १६३, १,९२१ = १७ × ११३, २,१७७ = ७ × ३११, २,५६१ = १३ × १९७. मूळ संख्या उरतात चारच. त्यांनी भागून येणाऱ्या बाक्या:

६४१ ने ४४
७६९ ने १२०
१,१५३ ने ३३४
१,४०९ ने ६२२

६४१ ला यादीतून वगळू नका. एकदा भाग गेला म्हणून दुसऱ्यांदा जाणारच नाही असं नसतं. चारांपैकी कशानेही भाग जात नाही, म्हणून ६७,००,४१७ मूळ. सत्तर लाखांच्या घरातली संख्या चार भागाकारांत मूळ ठरते, हे एरवी ऐकून खरं वाटणार नाही. १८१२ च्या सुमारास लंडनमध्ये झिरा कोलबर्न या लहानग्या अमेरिकन गणकाने फ५ चे अवयव तोंडी सांगितल्याची नोंद आहे.

फर्माची स्वतःची पद्धत इथे का चालत नाही

अवयव पाडण्याची फर्माची एक आवडती रीत होती: संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात लिहायची. वर्गमूळाच्या लगेच पुढच्या पूर्णांकापासून सुरू करायचं, त्याच्या वर्गातून संख्या वजा करायची, उरलेलं पूर्ण वर्ग आहे का ते पाहायचं, नसेल तर पुढचा पूर्णांक. अवयव एकमेकांच्या जवळ असले की ही रीत झटपट चालते. फ५ साठी पहिली पायरी: ६५,५३७² − फ५ = १,३१,०७२. ३६२² = १,३१,०४४, फक्त २८ ने हुकलं. आशा वाटते, पण ती खोटी आहे. खरं उत्तर आहे:

फ५ = ३३,५०,५२९² − ३३,४९,८८८²

६५,५३७ पासून एकेक करत तिथे पोचायला ३२,८४,९९३ पायऱ्या लागतात. एक अवयव तीन अंकी आणि दुसरा सात अंकी असल्याने ही रीत इथे अगदी कुचकामी. ११५ भागाकारांची अडाणी पद्धत तिच्यापेक्षा हजारो पटींनी बरी.

वर्गांच्या बेरजेची वाट मात्र सुरेख आहे. फ५ = ६५,५३६² + १² हे तर उघडच. आता ६४१ = २५² + ४² आणि ६७,००,४१७ = २,५५६² + ४०९². दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज असतो; ब्रह्मगुप्ताच्या ‘भावना’ नावाच्या गुणाकाराच्या सूत्राचंच हे एक रूप. लागणारे चार गुणाकार: २५ × २,५५६ = ६३,९००; ४ × ४०९ = १,६३६; २५ × ४०९ = १०,२२५; ४ × २,५५६ = १०,२२४. पहिल्या जोडीची बेरीज आणि दुसरीची वजाबाकी घेतली की ६५,५३६ आणि १. चिन्हं उलट केली की ६२,२६४ आणि २०,४४९. म्हणजे

फ५ = ६५,५३६² + १² = ६२,२६४² + २०,४४९²

१०,२२५ आणि १०,२२४ हे अगदी शेजारी पडले म्हणून तो "१²" मिळाला. वर २०,४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग आहे.

४क + १ रूपाची मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत एकाच प्रकारे लिहिता येते. त्यामुळे दुसरा प्रकार सापडला, की एकही भागाकार न करता संख्या संयुक्त ठरली. अवयवही हाती येतात. ६५,५३६ − ६२,२६४ = ३,२७२ आणि २०,४४९ − १ = २०,४४८ यांचा मसावि ८. ६५,५३६ + ६२,२६४ = १,२७,८०० आणि २०,४४९ + १ = २०,४५० यांचा मसावि ५०. दोन्ही मसाविंचे अर्धे ४ आणि २५, त्यांच्या वर्गांची बेरीज ६४१. जोड्या लावताना विषमाशी विषम आणि समाशी सम हे पाळा. ते चुकलं तर मसावि भलतेच येतात आणि दोष पद्धतीला दिला जातो.

२ ला विचारू नका

आता मला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. मूळ संख्या तपासायची नेहमीची झटपट कसोटी अशी: एखादा पाया घ्या, त्याचा (संख्या − १) वा घात काढा, संख्येने भागून बाकी पाहा. १ आली नाही तर संख्या नक्की संयुक्त. आली तर कदाचित मूळ. पाया म्हणून सगळे सवयीने २ घेतात.

फ५ साठी २ घेतलं तर काय होतं? २^६४ ची बाकी १, आणि फ५ − १ म्हणजे २^३२, ज्याला ६४ ने भाग जातो. म्हणून कसोटीत १ च येणार. फ५ पास. मिलर-राबिन ही अधिक कडक कसोटीसुद्धा २ च्या पायावर पास होते, कारण २, ४, १६, २५६, ६५,५३६ असे वर्ग घेत गेलं की पुढच्याच पायरीला −१ हजर. हे फ५ पुरतं नाही, प्रत्येक फर्मा संख्येचं असंच आहे. साचाच २ च्या घातांचा, तेव्हा २ कडून साक्ष घेण्यात अर्थ नाही.

असे फसवे पाये एकूण किती? ६४१ साठी २^३२ आणि ६४० यांचा मसावि १२८. ६७,००,४१७ साठी २^३२ आणि ६७,००,४१६ यांचाही मसावि १२८ (६७,००,४१६ = १२८ × ५२,३४७, आणि ५२,३४७ विषम). फसवे पाये १२८ × १२८ = १६,३८४. सव्वाचारशे कोटींहून जास्त पायांपैकी फक्त १६,३८४, म्हणजे साधारण २,६२,१४४ पायांमागे एक. डोळे मिटून कोणताही पाया उचलला असता तर फ५ चं पितळ जवळजवळ खात्रीने उघडं पडलं असतं, आणि आपण नेमका त्या मोजक्यांतला २ उचलतो.

३ घ्या. फर्मा संख्यांसाठी पेपँची १८७७ ची कसोटी हेच सांगते: फ ही फर्मा संख्या असेल तर ३ चा (फ−१)/२ वा घात काढा, बाकी −१ आली तरच संख्या मूळ. फ५ साठी हा घात २^३१, म्हणजे ३ पासून सुरू करून लागोपाठ ३१ वेळा वर्ग. पहिले चार सोपे: ९, ८१, ६,५६१, ४,३०,४६,७२१. पाचव्या वर्गानंतर बाकी ३,७९,३२,०१,४५८ यायला हवी. इथे एकदा जुळवून पाहा. एकतिसाव्यानंतर १,०३,२४,३०३ येते. −१ म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ यायला हवं होतं. अजून एक वर्ग केला तर ३,०२,९०,२६,१६०, तेही १ नाही. अवयव माहीत नसतानाही निकाल लागला. उत्तराची तपासणी हवी असेल तर १,०३,२४,३०३ ला ६४१ ने भागा, बाकी ३५७ आली पाहिजे.

अवयव शोधतानाही २ दगा देतो. जॉन पोलार्डच्या प−१ पद्धतीत पायाचा मोठा घात काढून त्यातून १ वजा करतात आणि ज्या संख्येचे अवयव हवेत तिच्याशी मसावि घेतात. ६४० = २^७ × ५, म्हणजे ६४१ या पद्धतीला सहज सापडायला हवा. घातांक ६४० आणि पाया ३ घेतला तर मसावि ६४१ येतो. पाया २ घेतला तर मसावि फ५ च येतो, कारण दोन्ही अवयवांसाठी २ चा फेरा एकच, ६४. दोघे एकदम जाळ्यात येतात आणि वेगळे होत नाहीत.

संगणकावर करताना

फ५ ही ३२ बिटांत मावणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येपेक्षा २ ने मोठी. ३२-बिटी चिन्हविरहित चलात ती टाकली तर गुंडाळून १ होते, आणि मग ६४१ ने भागल्यावर बाकी ० ऐवजी १ दिसते. प्रोग्राम तक्रार करत नाही, चुकीचं उत्तर मुकाट्याने देतो. ६४ बिट घेतले तरी एक कोपरा उरतो: बाकी फ५ − १ असेल तर तिचा वर्ग नेमका २^६४, म्हणजे ६४ बिटांत शून्य. त्या एका किमतीची वेगळी सोय करा, तिच्या वर्गाची बाकी १ असते.

बाकी सर्व किमतींसाठी भागाकाराची गरजच नाही. वर्गाचे वरचे ३२ बिट आणि खालचे ३२ बिट वेगळे करा, खालच्यातून वरचे वजा करा, ऋण आलं तर फ५ मिळवा. २^३२ ची बाकी −१ असल्याने हे चालतं. वरचा पाचवा वर्ग घेऊन पाहा: ३^३२ = १,८५,३०,२०,१८,८८,५१,८४१. वरचा भाग ४,३१,४३९, खालचा ३,७९,३६,३२,८९७, वजाबाकी ३,७९,३२,०१,४५८.

स्प्रेडशीटवर मात्र हे करू नका. ती १५ अंकांपुढे दाखवत नाही, हा पाचवा वर्गच १६ अंकी आहे, आणि पुढचे एकोणीस-वीस अंकांपर्यंत जातात. पायथनमध्ये पूर्णांकांना मर्यादा नाही, तिथे एका ओळीत उत्तर मिळतं.

बाकीचे गुणधर्म, भराभर

विभाजक चार: १, ६४१, ६७,००,४१७ आणि स्वतः. बेरीज ६४२ × ६७,००,४१८ = ४,३०,१६,६८,३५६. स्वतःला सोडून उरलेल्यांची बेरीज ६७,०१,०५९, म्हणजे परिपूर्ण संख्येच्या आसपासही नाही. फ५ पर्यंतच्या तिच्याशी सहमूळ संख्या ६४० × ६७,००,४१६ = ४,२८,८२,६६,२४०. त्या सगळ्यांचा घात घेतल्यावर फ५ ने भागून बाकी १ च येईल असा लहानात लहान घातांक, म्हणजे ६४० आणि ६७,००,४१६ यांचा लसावि, ३,३५,०२,०८०.

१/६४१ चं दशांश रूप ३२ अंकांनी आवर्ती आहे: पहिले सोळा अंक ००१५६००६२४०२४९६०, पुढचे सोळा ९९८४३९९३७५९७५०३९. वर-खाली ठेवून बेरीज केली की सगळे ९. कारण १०^८ ला ६४१ ने भागल्यावर बाकी १५४ येते, आणि १५४ चा वर्ग −१ होतो हे वर पाहिलंच.

देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांच्या चष्म्यातून पाहिलं तर ही हर्षद संख्या नाही: अंकांची बेरीज ५९, आणि ५९ हा अवयव नाही. स्वयंभूही नाही, तिला जनक आहे, म्हणजे स्वतःच्या अंकांची बेरीज मिळवली की फ५ देणारी संख्या आहे. जनक ४२९४९६७२चछ असा धरा (च, छ हे शेवटचे दोन अंक). आधीच्या आठ अंकांची बेरीज ४३. अट लिहिली की ११च + २छ = ५४. च सम हवा. ० आणि २ घेतलं तर छ दोन अंकी होतो, ६ किंवा पुढचं घेतलं तर ऋण. च = ४, छ = ५. जनक ४,२९,४९,६७,२४५, त्याच्या अंकांची बेरीज ५२, मिळवून बरोबर फ५. दुसरा जनक नाही.

साच्यातल्या पुढच्या संख्येचं, २^६४ + १ चं, काम अवघड आहे. तिचे अवयव २५६क + १ रूपाचे, पण पहिला सापडायला क = १,०७१ पर्यंत जावं लागतं: २,७४,१७७. ही फोड लाँद्रीने १८८० मध्ये प्रसिद्ध केली. ६५,५३७ नंतरची एकही मूळ फर्मा संख्या आजवर मिळालेली नाही.

याचा भूमितीशी थेट संबंध आहे. पट्टी-कंपासने सुसम बहुभुज काढता येतो तो फक्त तेव्हा, जेव्हा बाजूंची संख्या २ चा घात आणि वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्या यांच्या गुणाकाराने बनते. गाउसने १७९६ मध्ये १७ बाजूंपासून सुरुवात केली, इतर बहुभुज जमत नाहीत हे वाँत्झेलने १८३७ मध्ये सिद्ध केलं. त्यामुळे ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचा सुसम बहुभुज तत्त्वतः काढता येतो, कारण ती पाचही मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार आहे. ४,२९,४९,६७,२९६ बाजूंचाही येतो, तो नुसता २ चा घात. ४,२९,४९,६७,२९७ बाजूंचा येत नाही, ६४१ चाही नाही. फर्माचा अंदाज खरा असता तर लागोपाठ तीन मिळाले असते. प्रत्यक्षात ४,२९,४९,६७,२९६ नंतरचा, काढता येण्याजोगा पुढचा बहुभुज थेट ६५,५३७ × ६५,५३६ = ४,२९,५०,३२,८३२ बाजूंचा आहे.